आमची वाटचाल : उद्यमबागेतील एका शेडमधून

बेळगावच्या उद्यमबागेत लेड-ॲसिड बॅटऱ्या दुरुस्त करता करता आम्ही लिथियमकडे वळलो. हायड्रोमीटरने एकेका खान्यातील ॲसिडची घनता तपासण्याची जी शिस्त तिथे अंगी बाणली, तीच पुढे उपयोगी पडली. आमच्या एका संचात ३.२ व्होल्टचे, २८० ॲम्पिअर-तासांचे १६ सेल एकसरीत जोडलेले असतात, म्हणजे ५१.२ व्होल्ट आणि सुमारे १४ युनिट वीज. त्यांतील सर्वांत अशक्त सेल रिकामा होताच बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, संपूर्ण संच बंद करते.

गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी संच बसवण्याचे पहिले मोठे काम आमच्या आवाक्यात आले, तेव्हा माझ्या भागीदाराने ते मिळालेच असे धरून ९६ सेल मागवले. पुढे तोच वेगळा झाला, आमच्याच दरपत्रकावरून कमी दर भरून ते काम घेऊन गेला आणि कर्जावर घेतलेले सेल तेवढे आमच्या शेडमध्ये राहिले. दोन महिने कामगारांचा पगार मी पत्नीचे दागिने गहाण ठेवून दिला. हे मी विसरलेलो नाही आणि विसरावे असे मला वाटतही नाही.

त्या काळात वडगावचे एक मागवाले मामा धावून आले. त्यांचे घर वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असल्याने संध्याकाळी २३० ऐवजी जेमतेम १८५ व्होल्ट मिळत आणि मागांच्या मोटारी तापत. दुपारी छतावरील सौर पॅनेलवर भरून घेऊन संध्याकाळी आठ माग चालवतील असे दोन संच त्यांनी आगाऊ रक्कम देऊन घेतले. त्यांचा भार वाहिनीवरून उतरल्यामुळे तारेतील व्होल्टेजची घट कमी झाली आणि शेजारच्या घरांतील दिवेही उजळले. मामा म्हणाले, "शेजाऱ्यांकडून चहा तेवढा वसूल करतो."

नवीन मुलांना एक सांगून ठेवतो. केवळ व्होल्टेज पाहून सेल जुळवू नका. आमच्या या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज-आलेख मधल्या पट्ट्यात इतका सपाट असतो की अर्धा भरलेला आणि बराच भरलेला सेल जवळजवळ सारखाच दिसतो. प्रत्येक सेलची क्षमता व अंतर्गत रोध मोजा, आणि बसबारचे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचे) नट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा, कारण ढिला जोड तापतो आणि त्याचा दोष मात्र सेलवर येतो.

त्यानंतरची सहा वर्षे कामात गेली. दरम्यान माजी भागीदाराने त्या गावात बसवलेले संच दोन पावसाळ्यांतच फुगले, कारण न जुळवलेले सेल त्यात घातलेले होते. गावकऱ्यांनी आम्हाला बोलावले आणि आम्ही ४८ सेल बदलून दिले. कुंपणावरील फलक अजूनही त्याच्याच नावाचा आहे, आणि आमच्या बिलाचा शेवटचा हप्ता अद्याप यायचा आहे.