डब्यातून दूध गेल्यानंतरची अडीच वर्षे

माझी लेक दहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सांगली जिल्ह्यातल्या नातेवाइकांकडे गेलो होतो. त्यांच्या गोठ्यात संकरित गायी आहेत आणि पहाटे धार काढण्याच्या वेळी ही रोज तिथे जाऊन बसत असे. तिसऱ्या दिवशी तिने विचारले की, तीन गायी नुकत्याच व्यायल्या आहेत, तर वासरू एकच का दिसते? उत्तर खरे होते आणि कोणी ते लपवलेही नाही. कालवड ठेवतात, गोऱ्हा पोसणे परवडत नाही. परतीच्या एसटीत ती फारशी बोलली नाही, आणि पुण्याला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुधाचा पेला शांतपणे बाजूला ठेवला. आमचे घर पूर्वीपासून शाकाहारी आहे, त्यामुळे सोडायचे होते ते दूध, दही, ताक, तूप, पनीर आणि मध एवढेच. ‘एवढेच’ हा शब्द मी त्या वेळी वापरला होता आणि तो चुकीचा होता, कारण शाकाहारी मराठी घरात मुलांच्या पोषणाची निम्मी काळजी आपण दुधाच्या पातेल्यावर सोपवून मोकळे झालेलो असतो.

पहिले चार महिने मी नुसती वजाबाकी केली. पोळी-भाजीच्या डब्यातून दह्याची डबी काढली, वरणभातावरचे तूप काढले, रात्रीचे दूध बंद केले, आणि त्यांच्या जागी काहीही ठेवले नाही. फेब्रुवारीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना, ती दुपारी अभ्यासाला बसली की पेंगू लागली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आले आणि बी-१२ हे जीवनसत्त्व त्याहूनही कमी. मी सगळा दोष तिच्या निर्णयाला देणार होते, पण डॉक्टरांनी थांबवले. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो चांगला भरलेला असेल तर वर्षानुवर्षे पुरतो, चार महिन्यांत रिकामा होत नाही. म्हणजे ही कमतरता दूध पिणाऱ्या मुलीतही आधीपासून होती. मग मी माझीही तपासणी करून घेतली, आणि रोज दोन वेळा ताक पिणाऱ्या माझेही बी-१२ कमीच निघाले.

हा मुद्दा मी मुद्दाम सर्वांत आधी मांडते आहे, कारण व्हीगन होणाऱ्या, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून मिळणारे सगळेच सोडणाऱ्या मुलामुलींच्या घरात याच एका बाबतीत ढिलाई चालत नाही. बी-१२ जिवाणू तयार करतात. वनस्पतींमध्ये त्याचा भरवशाचा स्रोत नाही. इडलीचे पीठ आंबवले म्हणून, मोड आणले म्हणून किंवा स्पिरुलिना खाल्ली म्हणून ते मिळते, हे समज मी अनेकांकडून ऐकले आणि त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. गोळी घ्यावी लागते, तीही नियमित, आणि किती मात्रेची हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते. गोळीतले बी-१२ जिवाणूंपासूनच बनवलेले असते. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते, म्हणून आम्ही साधी गोळी मागून घेतो.

माझे सासरे, आप्पा, या सगळ्यावर एकच दाखला देत असत. गांधीजींनी १९१२मध्ये दूध सोडले, पण पुढे मोठ्या आजारपणात त्यांना शेळीचे दूध घ्यावेच लागले. मग आपल्या लेकराचा काय पाड? दाखला खरा आहे, आणि गांधीजींना दुधाला वनस्पतीजन्य पर्याय हवा होता, त्याचा ते शोधही घेत होते, हेही खरे आहे. मी आप्पांना एवढेच सांगितले की, व्हीगन हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली निघाला आणि बी-१२ हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे करून दाखवले ते १९४८ साली, म्हणजे गांधीजी गेले त्याच वर्षी. त्यांच्या काळी माणसाला निर्धार करता येत होता; काय कमी पडते आहे ते मोजून भरून काढता येत नव्हते. आपल्याला येते. आप्पा त्यावर गप्प झाले, पटले म्हणून की नाही ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाबरोबर ‘गोळी घेतलीस का गं?’ हे विचारणे त्यांनी स्वतःकडे घेतले.

प्रथिनांची भीती मात्र कागदावर आकडे मांडल्यावर बरीच ओसरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलींना दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम आणि मुलांना सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. आता आमच्या घरचा एक साधा दिवस घ्या. ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सहा-सात ग्रॅम, तेवढ्याच डाळीच्या आमटीतून तेवढीच, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतून सात, चार पोळ्यांमधून दहाच्या आसपास, आणि २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत टाकल्या तर आणखी तेरा. बेरीज चाळिशीच्या पुढे जाते, आणि यात भात, भाज्या, पोहे धरलेलेच नाहीत. या यादीतली एकही वस्तू महाग नाही, आणि सोयाबीनच्या वड्या सोडल्या तर माझ्या आजीच्या फडताळात नव्हती अशीही नाही. मोठ्या दुकानांतल्या शीतकपाटात मिळणारे व्हीगन चीज किंवा बदामाचे दूध मला दैनंदिन आहाराचा पाया म्हणून कधीच पटले नाही. बदामाच्या दुधात बहुतांशी पाणी असते आणि प्रथिने नावालाच. वाढत्या वयाच्या मुलांसाठी त्यापेक्षा दाण्याची चटणी शतपटीने बरी.

खरी अडचण पदार्थांची नव्हती, वेळेची होती. अकरावी-बारावीतली मुले सकाळी पावणेसातला घर सोडतात, कॉलेजमधून परस्पर क्लासला जातात आणि रात्री आठला परततात. अशा मुलीला ‘मोड आलेली कडधान्ये खा’ असे सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे आहे. ती मोड आणणार कधी? म्हणून रविवारी सकाळचे दोन तास आम्ही यासाठी राखून ठेवले, आणि त्यातली निम्मी कामे तिची, हे पहिल्याच रविवारी ठरले. शनिवारी रात्री मटकी आणि मूग भिजत पडतात, रविवारी फडक्यात बांधले जातात आणि सोमवारपर्यंत मोड येतात. मग ते डब्यात भरून फ्रिजमध्ये चार दिवस टिकतात. अर्धा किलो दाणे भाजून ठेवले की त्यातून कूट, चटणी आणि दप्तरात टाकायची पुडी अशा तिन्ही गोष्टी होतात. जवस, तीळ आणि कारळे यांच्या चटण्या पाळीपाळीने होतात. जवसातून ओमेगा-३ प्रकारची मेदाम्ले मिळतात, आणि ती मिळण्यासाठी जवस अख्खे न खाता कुटलेले असणे महत्त्वाचे आहे. भाजणी तयार असली की रात्री आठला आलेली दमलेली मुलगी स्वतः दहा मिनिटांत थालीपीठ लावू शकते. लोण्याच्या गोळ्याची जागा ओल्या नारळाच्या चटणीने घेतली. मला त्या लोण्याची आठवण येते हे मी नाकारत नाही. तिला येत नाही.

लोहाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या वयाच्या मुलींना पाळीमुळे त्याची गरज फार असते. त्याच शिफारशींमध्ये १६ ते १८ वयाच्या मुलींसाठी दिवसाला ३२ मिलिग्रॅम हा आकडा आहे. कडधान्यांत आणि पालेभाज्यांत लोह असते, पण ते शरीरात सहजी शोषले जात नाही. मोड आणल्याने हा अडथळा काही प्रमाणात कमी होतो, आणि त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असले तर शोषण चांगले वाढते. पोह्यांवर आणि उसळीवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत त्या दृष्टीने किती उपयोगाची आहे हे मला चाळिशीत कळले. डब्यात आता लिंबाची फोड किंवा पेरूच्या दोन फोडी ठरलेल्या असतात. चहा याच्या नेमका उलट परिणाम करतो, म्हणून जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही, किमान तासभर अंतर ठेवायचे, हा नियम तिच्यापेक्षा मलाच जास्त जड गेला. भाजी लोखंडी कढईत होते. हिवाळ्यात अळिवाचे लाडू होतात, आणि ते ओले खोबरे, गूळ व नारळाचे पाणी एवढ्यावर उत्तम वळले जातात; तुपाचा चमचा मी केवळ सवयीने घालत होते.

कॅल्शियम हा माझ्या मते या आहारातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. दिवसाला १०५० मिलिग्रॅम ही या वयाची गरज दुधाशिवाय आपोआप भरून निघत नाही, त्यासाठी रोज लक्ष द्यावे लागते. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून सकाळी नाचणीचे धिरडे किंवा नारळाच्या दुधातले गोड सत्त्व असते. तिळात ते भरपूर असते, पण सालीतल्या, कॅल्शियम अडवून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे सगळे हाती लागत नाही. पालकाचीही तीच गोष्ट. मेथी आणि शेवग्याचा पाला अधिक उपयोगी. उरलेली तूट कॅल्शियम घातलेल्या सोया दुधाने भरते, आणि ते घेताना वेष्टनावर कॅल्शियम खरोखर घातले आहे का, ते वाचून घ्यावे लागते.

वेष्टने वाचण्याची सवय तिने मला लावली. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. बिस्किटांत, चॉकलेटांत, चिप्सच्या मसाल्यातही दुधाची भुकटी किंवा व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्याची भुकटी असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम केले आणि हिरवे ‘व्ही’ हे चिन्ह ठरवले. क्लासच्या बाहेरच्या गाड्यांवर मात्र चिन्हे नसतात, तिथे विचारावे लागते. कांदेपोहे, मिसळ, भेळ, चणे-दाणे, वडापाव यांवर तिचे बरे निभावते. पाव लोण्यावर भाजू नका आणि डोशावर बटर नको, हे आधी सांगायचे, आणि चटणीत दही आहे का, एवढे विचारायचे. मैत्रिणींसमोर रोज हे विचारण्याचा तिला सुरुवातीला संकोच वाटे. तो संकोच कमी झाला तो माझ्या सांगण्याने नव्हे, तर मैत्रिणीच तिच्या आधी विचारू लागल्यामुळे.

दह्याला पर्याय म्हणून आम्ही दाण्याचे दही लावतो. दाणे रात्रभर भिजवायचे, पाण्याबरोबर वाटून गाळायचे, ते दूध उकळून कोमट करायचे आणि विरजणाऐवजी त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून झाकून ठेवायचे. उन्हाळ्यात आठ-दहा तासांत लागते. चव वेगळी असते, ती तशी मान्य करावी. पण त्याची कढी आलं-मिरची लावून चांगली होते. सोया दुधाचा चहा मात्र उकळत्या चहात थंड दूध ओतले की फाटतो. दूध वेगळे गरम करून त्यावर चहा गाळला की सहसा फाटत नाही.

कपड्यालत्त्यांचा प्रश्न एकदाच तीव्रतेने आला, तो मावसबहिणीच्या लग्नात. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोशातला किडा उष्णतेने मारतात, त्यामुळे नवी पैठणी तिला नको होती. मी दुखावले, कारण ती साडी मी वर्षभर आधी मनात ठरवून ठेवली होती. शेवटी ती माझ्या आईची तीस वर्षांपूर्वीची पैठणी नेसली. आधीच जे आहे ते फेकून देण्यात कोणत्याही किड्याचा जीव परत येत नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि मला ते शहाणपणाचे वाटले, जरी तिच्यासारखे वागणाऱ्या इतर मुलांना ते मान्य नसले तरी. चामड्याच्या जुन्या बुटांनाही तिने तोच न्याय लावला. ते झिजेपर्यंत वापरले आणि नंतरचे कॅनव्हासचे घेतले.

आता ती पुढच्या महिन्यात वसतिगृहात जाईल. खाणावळीत विचारून झाले आहे: आमटी, उसळ आणि भाज्या तेलात होतात, पोळीला तूप नको म्हटले तर लावत नाहीत. खोलीत विजेची किटली चालते, तवा चालत नाही, म्हणजे थालीपीठ नाही. म्हणून यंदा भाजणीऐवजी दोन किलो मेतकूट दळून आणले आहे. ते गरम भातावर कच्चे तेल आणि मीठ घालून कालवायचे, वर लिंबू पिळायचे. गोळ्यांची तीन महिन्यांची पाकिटे त्याच डब्याशेजारी ठेवली आहेत, आणि आप्पांनी रोज रात्री नऊला फोन करायचे कबूल केले आहे.