अ‍ॅबरडीनचे एल्फिन्स्टन आणि आपले एल्फिन्स्टन

अ‍ॅबरडीनच्या किंग्ज कॉलेजमध्ये चॅपलसमोर बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांचे भव्य स्मारक आहे. परवा तिथल्या मार्गदर्शकाने त्यांच्या गुणगानात इतका वेळ घालवला की चॅपल पाहणे घाईतच उरकावे लागले. १४९५ साली पोपची सनद मिळवून या बिशपांनी विद्यापीठ स्थापन केले आणि स्कॉटलंडच्या पहिल्या छापखान्याला १५०७ मध्ये राजाचा परवाना मिळाला, त्यामागेही त्यांचा हात होता. तेव्हा कौतुक रास्तच म्हटले पाहिजे. परंतु याच आडनावाच्या गव्हर्नरांच्या नावाने मुंबईत महाविद्यालय आहे, असे मी सांगताच ते गृहस्थ सौजन्याने हसले आणि पुढच्या खिडकीकडे वळले. हे मला लागले.

त्या गव्हर्नरांनी, म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी, पेशवाई बुडवली, हे मला कोणी सांगायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची त्यांची रेसिडेन्सी, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीची कोठी, जळाली आणि तीत त्यांचा ग्रंथसंग्रहही गेला; मला त्या पुस्तकांचीच हळहळ अधिक वाटते, याबद्दल कोणी मला नावे ठेवायची तर खुशाल ठेवावीत. याच माणसाने पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेचा पैसा शिक्षणाकडे वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८२७ मध्ये ते परत निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमवला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवले, रानडे आणि पुढे डॉ. आंबेडकर शिकले. नाव स्कॉटिश असले तरी पैसा आपल्या लोकांच्या खिशातला होता, हे त्या मार्गदर्शकाला सांगायचे राहून गेले.

या घराण्यातले सगळेच असे नव्हते. माउंटस्टुअर्ट यांचे चुलते अ‍ॅडमिरल लॉर्ड कीथ हे आरमारात गाजले, तर चुलतभाऊ जनरल विल्यम एल्फिन्स्टन यांनी १८४२ च्या जानेवारीत काबूलमधून माघार घेताना जवळजवळ सगळी फौज गमावली आणि स्वतः कैदेत मरण पावले. ज्या अफगाण राजा शाह शुजासाठी ती फौज तिथे गेली होती, त्याच्या दरबारी माउंटस्टुअर्ट १८०९ मध्येच वकील म्हणून जाऊन आले होते. त्याला गादीवर बसवता येईल, टिकवता येणार नाही, असे त्यांनी युद्धाच्या काळात पत्रातून बजावलेही होते.

दादर-परळकडच्या वाचकांना हे आडनाव आठवते ते स्थानकामुळे. ते नाव मात्र माउंटस्टुअर्ट यांचे नव्हे. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन यांचे होते. २०१८ साली स्थानकाचे प्रभादेवी झाले तेव्हा इथल्या मराठी मंडळींत बराच वाद रंगला आणि त्यात बहुतेक सगळे काकांनाच उद्देशून बोलत होते. मी नामांतराच्या बाजूने होतो, आजही आहे. महाविद्यालयाच्या नावाला मात्र कोणी हात लावू नये.