भोपळ्या आणि तीळ: जोडी जमतेय

आमच्या भोपळ्या या गिनिपिगचा जोडीदार उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून भोपळ्या खायचा व्यवस्थित, पण कोथिंबिरीची पिशवी वाजली तरी ओरडायचा नाही. एकट्या गिनिपिगला माणसाची सोबत पुरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून एकटा गिनिपिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

मादी आणायची म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून आधी भोपळ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतरही महिना-दीड महिना दोघांना लांब ठेवायचं. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर मिळायला हवेत. म्हणून नर पिल्लू आणलं, तीळ. दोन नरांचं कधीच पटत नाही असं सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. जागा ऐसपैस असली आणि आसपास मादीचा वास नसला तर बहुतेक वेळा पटतं. बिघडतं ते तिसरा नर आणल्यावर. ससा सोबतीला ठेवण्याचा सल्लाही मिळाला होता. सशाच्या अंगात निमूट राहणारे काही जंतू गिनिपिगला न्यूमोनियापर्यंत नेतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपवला.

तिळाला सुरुवातीला वेगळ्या खोलीत ठेवलं. दोन-तीन आठवडे तरी हवेतच, त्यात आमच्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात गजकर्णाची भीती जास्त, आणि ते माणसालाही लागतं. रोज आधी भोपळ्याचं सगळं आवरायचं, मग तिळाचं. डॉक्टरांनी कातडी तपासली, नर असल्याची खात्रीही करून दिली. ती करून घ्याच. विकणाऱ्याने ‘नर’ म्हणून दिलेल्या जोडीला दोन महिन्यांनी पिल्लं झाल्याचे किस्से आपल्यात काही कमी नाहीत.

भेट हॉलमध्ये घडवली, कारण तो दोघांपैकी कुणाचाच इलाका नाही. लादीवर पाय घसरतात म्हणून जुनी गोधडी, मधोमध गवताचा मोठा ढीग, दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या. लपायची घरं मुद्दाम ठेवली नाहीत. एका दाराच्या घरात छोटा कोंडला जातो आणि तिथेच चावाचावी होते.

भोपळ्या थेट तिळाच्या मागे गेला, हुंगलं, आणि मागचा भाग डोलवत घुर्रर्र सुरू. स्टीलच्या टेबलावर फोन व्हायब्रेट व्हावा तसा आवाज. मग अंगावर चढणं, पाठलाग. तीळ असा किंचाळला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. ‘‘अगं, मारतोय तो त्याला, उचल आधी!’’

उचललं नाही. ते किंचाळणं म्हणजे ‘तू मोठा, मी लहान, कबूल’ एवढंच असतं. चावा एकही नव्हता. अशा वेळी आपण घाबरून वेगळं केलं की मोठा कोण हे ठरायचंच राहतं, आणि पुढच्या भेटीला सगळं पहिल्यापासून. मी लक्ष ठेवून होते ते वेगळ्या गोष्टींवर: दातांची कटकट, मानेवर फुललेले केस, दात दाखवत दिलेली जांभई. ही तिन्ही एकत्र दिसली की पुढे झडप ठरलेली. जाडजूड टॉवेल हाताशी होता. मध्ये उघडा हात घालू नका, दात खोल जातात. रक्त निघालं तर मात्र लगेच वेगळं करायचं.

तसं काही झालं नाही. संध्याकाळी दोघं एकाच ढिगात चरत होते. भोपळ्याच्या तोंडातून कोथिंबिरीची काडी लोंबत होती. तिळाने तिचं दुसरं टोक धरलं आणि खेचत खेचत त्याच्या ओठापर्यंत पोचला. भोपळ्याने नाक वर केलं, काडी सोडली, दुसरी घेतली. तेव्हा मी टॉवेल बाजूला ठेवला.

पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, कापड नवं घालून मगच दोघांना आत सोडलं. तिथे घुर्रर्र पुन्हा झालं, ते होणारच होतं. रात्री वेगळं केलं नाही. पिंजरा साधारण साडेचार फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. आता आतल्या घरांना दोन-दोन दारं आहेत, आणि गवत दोन ठिकाणी असतं.

दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करते. तिळाचं वाढतंय, भोपळ्याचं स्थिर आहे. एकाचं घसरलं तर दुसरा त्याला खाऊ देत नाही, अशी पहिली शंका घ्यायची. पिशवी वाजली की आता दोघंही ओरडतात.

तीळ तीन-चार महिन्यांचा झाला की वयात येईल आणि मोठेपणाचा वाद पुन्हा निघेल. ज्यांच्याकडे नरांची जोडी त्या काळातून नीट पार पडलीय, त्यांनी पिंजऱ्याची मांडणी कशी ठेवली होती ते जरूर सांगा.