५ केव्हीएची पाटी, ७० वॅटचा वारा

काकांनी टेम्पोतून जनरेटर आणला. डिझेल इंजिन कधीच बसलेलं, वीज बनवणारा अल्टरनेटर मात्र धडधाकट. "याला पाती लावून खांबावर चढवायचा. तुम्ही फक्त वाइंडिंग बदलून द्या." पाटीवर क्षमता ५ केव्हीए, २३० व्होल्ट, १५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्या. काकांची नजर पाचावर, माझी पंधराशेवर.

रिवाइंडिंगच्या धंद्यात पवनचक्कीवाले अधूनमधून येतातच. बहुतेकांना मी समजावून परत पाठवतो. काका मात्र दोन मीटर व्यासाच्या लाकडी पात्यांचा नकाशा काढूनच आले होते. मग बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडले. सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर तेवढ्या घेरातून जाते सुमारे २३५ वॅट शक्ती. तिच्यातली ५९ टक्क्यांहून जास्त कुठल्याच पात्यांना काढता येत नाही. घरी घडवलेल्या पात्यांनी ३० टक्के काढली तरी शाबासकी. म्हणजे ७० वॅट. फेऱ्या मिनिटाला तीनशेच्या आत. वारा दुप्पट झाला की आठपट मिळतं हे खरं, पण तसा वारा रोज कुठला?

अल्टरनेटर लेथला जोडून ३०० वर फिरवला. मीटर जेमतेम एक व्होल्ट.

"जळलाय का हो?"

जळला नव्हता. रोटर, म्हणजे आत फिरणारा भाग, चुंबक होतो त्याच्यावरच्या वाइंडिंगमधल्या, म्हणजे फील्डच्या, करंटने, आणि तो करंट व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर याच मशीनच्या विजेतून देतो. इतक्या संथ गतीत ते चक्र सुरूच होत नाही. मग कार्बन ब्रशवर बाहेरून बॅटऱ्यांचा करंट दिला, तर मीटर ४५ च्या आसपास चढला. काका खूश. मी त्यांना फील्डच्या वायरीतला ॲमीटर दाखवला: एकटं फील्डच सत्तरेक वॅट खात होतं. वारा देणार तेवढंच!

काका बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुंबकच बसवले तर?"

हे त्यांनीच सुचवलं, म्हणून मला काम घ्यावंसं वाटलं. रोटरवरचं सगळं तांबं काढलं, लोखंडी गाभा लेथवर घेतला, त्यावर निओडिमियमचे चुंबक इपॉक्सीने चिकटवले आणि वरून फायबरग्लासची पट्टी गुंडाळली. चुंबक किंचित तिरके बसवले, नाहीतर ते स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाच्या, दातांना अडकत जातात आणि मंद वाऱ्यात पंखा हलतच नाही. स्टेटरचं वाइंडिंग, ज्यासाठी काका आले होते, त्याला मी हातही लावला नाही. पुन्हा लेथवर ३०० फेऱ्या: ४४ व्होल्ट, फील्डचा खर्च शून्य.

काकांकडे २४ व्होल्टची बॅटरी होती. मी ४८ ची करायला सांगितली. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून शिखराचा व्होल्टेज साठाच्या वर जातो. २४ वर सव्वाशे फेऱ्यांतच चार्जिंग सुरू होईल आणि भार इतक्या लवकर पडेल की पाती वेगच धरणार नाहीत. ४८ वर तो अडीचशेच्या जवळपास पडतो, पात्यांना हवा तिथे.

शेवटी अल्टरनेटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि म्हटलं, "काका, आता शाफ्ट फिरवा." दोन्ही हातांनी जोर लावला तरी शाफ्ट चिखलात रुतल्यासारखा जड, वर धक्के मारत फिरणारा. वायरी सोडल्या, तर बोटाने फिरला. हा त्यांचा ब्रेक; त्याचा स्विच खांबाच्या पायथ्याशी हवा, आणि वापरायचा तो वादळ येण्याआधी, कारण पंखा बेफाम झाल्यावर तो थांबेलच असं नाही. बॅटरी भरली तर वीज जिरवायला हीटर कॉइल जोडायची. फिरत्या पंख्याची बॅटरी तोडायची नाही. भार गेला की फेऱ्या आणि व्होल्टेज दोन्ही सुटतात. हे मी कागदावर लिहून दिलं.

काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि रोटरचं तांबं वजनकाट्यावर घालायला लावलं. ते मजुरीत वळतं करून घेतल्याशिवाय टेम्पो हलला नाही.