बिनधुराची शेगडी

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाचाच्या खाली उतरतो आणि धुकं सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरांत तर फरशीवर पाय ठेववत नाही. या दिवसांत आमच्या कॅज्युअल्टीत दमेकरी आणि छातीत दुखणारे पेशंट वाढतात. त्या रात्री मात्र एक बाळंतीण आली. पहिलटकरीण, माहेरी आलेली, सिझेरियनला अकरा दिवस झालेले आणि दुसऱ्या दिवशी बारसं. डोकं फुटेल इतकं दुखत होतं, उलट्या होत होत्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. बरोबर तिची आई, भाऊ, आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी.

बाळंतिणीची डोकेदुखी कधीच हलकी घ्यायची नसते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढून झटके येऊ शकतात, मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनामुळेही डोकं दुखतं, पण ते बसल्यावर वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. हिला आडवं पडूनही आराम नव्हता. रक्तदाब ठीक होता. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ९९ दाखवत होतं. माझ्या ज्युनियरने सीटी स्कॅनचा फॉर्म भरायला घेतला होता.

"दिवसभर असंच दुखतं का गं?" मी विचारलं.

"नाही. दुपारी अंगणात उन्हात बसले की बरं वाटतं. रात्री शेक घेतला की सुरू होतं."

तिची आई मध्येच म्हणाली, "माझंही डोकं जड झालंय दोन दिवस. जागरणं होतात ना, डॉक्टर." बाळाचं विचारलं तर म्हणाली, "गुणाची आहे हो. रडतच नाही. आज तर प्यायलासुद्धा उठवावं लागलं."

एका खोलीत झोपणाऱ्या तिघी, आणि तिघींनाही एकाच वेळी काहीतरी झालेलं. मी विचारलं, "काकू, शेगडी कुठे ठेवता?"

"खाटेखाली. ओवा, शेपा टाकून. पण धूर अजिबात नसतो हो! अंगणात बंब पेटवतो, लाकडं चांगली जळून झाली की नुसते लाल निखारे शेगडीत काढून आत आणतो. फटींना चिंध्या लावल्यात, गारठा यायला नको म्हणून."

ही माउली सगळं मायेनं करत होती, आणि धूर टाळायची काळजीही घेत होती. पण खरा धोका त्या लाल निखाऱ्यातच असतो. लाकूड ज्वाळेनं जळतं तेव्हा धूर डोळ्यांना झोंबतो, माणूस आपोआप खिडकी उघडतो. ज्वाळा विझून निखारा उरला की धूर जातो, वासही जातो, आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र सुटतच राहतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाचं यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाशावर चालतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजननं भरलेलंच वाटतं, म्हणून आकडा ९९.

तिघींना शुद्ध ऑक्सिजन सुरू करायला सांगितलं आणि भावाकडे वळले. "घरी आत्ता कोण आहे?"

"आजोबा. झोपलेत."

"कुठे?"

"त्याच खोलीत. तीच एक खोली उबदार आहे."

शेजाऱ्यांना फोन त्याच्याच मोबाइलवरून लावला, बोलले मी. आधी दारं-खिडक्या सताड उघडा. आजोबांना उचलून अंगणात आणा. शेगडी नंतर. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका, आणि निखाऱ्यांवर पाणी ओतू नका, वाफेबरोबर गरम राख अंगावर उडते. ऐंशीच्या घरातले आजोबा पाऊण तासानं आले ते नाव विचारलं तर गावाचं नाव सांगत होते. रक्ताच्या तपासणीत त्यांचं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ३१ टक्के निघालं, बाळंतिणीचं २४. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यात ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं.

साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मध्यरात्रीनंतर बाळंतिणीचं डोकं उतरलं. पहाटे बाळ कडकडून रडलं, तेव्हा बाळाची आजीही रडू लागली. मला तिला सांगायचं होतं की चूक तुमच्या मायेची नाही, पण त्या घटकेला ते तिच्या कानात शिरलं नसतं. बारसं पुढे ढकललं.

दोन दिवसांनी भाऊ विचारायला आला, "मग बंबच मोडीत काढू का?" पणजीच्या वेळचा तांब्याचा बंब. मी म्हटलं, अजिबात नाही, आणि ड्यूटी संपवून बघायला गेले. घर दवाखान्यापासून जवळच होतं. बंबाची रचना खरं तर शहाणपणाची आहे: मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, आणि नळीतून वर जाणारी गरम हवा खालून ताजी हवा ओढून घेते. उघड्या अंगणात तो बिनधोक आहे. तोच न्हाणीघरात नेऊन कडी लावून आंघोळ केली, तर न्हाणीघराचीही त्या शेगडीच्या खोलीसारखीच गत होते.

लाकडं बघितली. वखारीतून आणलेली बाभूळ, ओलीच. ओलं लाकूड सुसू करत, फेस काढत जळतं आणि धूर जास्त करतं. फोडून, आडोशाला रचून, एखादं वर्ष वाळवलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. बंबाच्या जाळीत राख तुंबली होती. ती काढल्याशिवाय खालून हवा येणार कशी? मग पेटवून दाखवलं: जाड ढलप्या खाली, बारीक काटक्या वर, आणि काडी वरून लावायची. खालच्या लाकडातून निघणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना बराचसा जळून जातो. रॉकेल कधीच नाही. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, आणि प्लास्टिकच्या बादलीत टाकलेल्या राखेनं लागलेल्या आगी आमच्याकडे येतात.

शेकाचं काय, हा काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. बाळंतिणीला ऊब हवीच. बंबाचं गरम पाणी रबरी पिशवीत भरून, टॉवेलात गुंडाळून कंबरेला घ्या. ओव्याची पुरचुंडी स्वयंपाकघरात तव्यावर गरम करा. टाक्यांवर मात्र काही ठेवू नका, तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. चिंध्या काढून खिडकी चार बोटं उघडी ठेवा म्हटल्यावर काकू गप्प झाल्या, पण निखारा आत येणार नसेल तर फटीचाही प्रश्न उरत नव्हता, हे त्यांनीच मला सांगितलं.

आजोबांना तीन आठवड्यांनी परत बोलावलं. या विषबाधेत माणूस बरा होऊन घरी जातो आणि नंतर विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं सुरू होतं, असं काहींच्या बाबतीत घडतं. ते आले. पंचांगातली तिथी स्वतः सांगितली, दहा पावलं सरळ चालून दाखवली.

भावानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला होता आणि तो कुठे लावायचा ते विचारत होता. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात लाकूड-कोळशाची शेगडी असलेल्या खोलीत हा अलार्म लावणं घरमालकाला २०१५ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे तो ऑनलाइन मिळतो, पण मागवतो कोण? मी त्याला सांगितलं, झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीच्या आसपास लाव, पडद्यामागे नको, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून वाजतो का ते बघ.