कौन्सिलची नऊ मतं

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका मध्यम गावाच्या कौन्सिलात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, मी बिझनेस रेट्सच्या (दुकानं-कचेऱ्यांच्या जागेवरच्या कराच्या) विभागात आहे. आमच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, 'बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट' आहे, बोलण्यात नुसतं 'बिड'. व्यापारी मतदान करून स्वतःवरच एक जादा पट्टी बसवून घेतात. ती बहुतेक ठिकाणी करपात्र मूल्याच्या (जागेच्या सरकारने ठरवलेल्या अंदाजे वार्षिक भाड्याच्या) एक ते दोन टक्के असते. त्या पैशातून जादा सफाई, नाताळची रोषणाई, रस्त्यावर फिरणारे वॉर्डन असं काय काय चालतं. ही कल्पना टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधली, १९७० सालची. इंग्लंडमध्ये २००३च्या कायद्याने तिला वाट मिळाली आणि लंडनमधल्या किंग्स्टनच्या व्यापाऱ्यांनी २००४ मध्ये पहिला कौल दिला. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, मग पुन्हा मतदान.

आपल्याकडे बाजारपेठेतल्या व्यापारी मंडळाची वर्गणी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून टाळता येते. इथे ती सोय नाही. बहुमत झालं की 'नको' म्हणणाऱ्यालाही भरावीच लागते, नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स येतं. आणि त्या समन्ससाठी कोर्टात जाणारे आम्ही.

आमच्या बिडची मुदत संपत आली होती. पुढच्या मुदतीला पाठिंबा द्यायचा ठराव त्या दिवशी संध्याकाळी कौन्सिलच्या कॅबिनेटपुढे (निर्णय घेणाऱ्या सभासदांच्या मंडळापुढे) होता. दुपारी किल्ल्या आणि बूटदुरुस्तीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ काउंटरवर आले. हातात बिडची नवी पुस्तिका, तिच्या कव्हरवर बुटाच्या गोंदाचा ओघळ.

"मतदान घेणार तुम्ही, पट्टी गोळा करणार तुम्ही आणि मतही टाकणार तुम्ही?"

मी म्हटलं, टाऊन हॉल, वाचनालय, संग्रहालय, कार पार्क यांची पट्टी कौन्सिलही भरते. दर मालमत्तेला एक मत, म्हणून आमची नऊ. त्यांना ते माहीत होतंच. पण मंजुरीला दोन बहुमतं लागतात, एक मतांच्या संख्येचं आणि दुसरं करपात्र मूल्याचं. दुसऱ्या मोजणीत एकटा टाऊन हॉल त्यांच्यासारख्या कितीतरी दुकानांना भारी पडतो. शिवाय किमान मतदानाची अट नाही, त्यामुळे थोड्या लोकांनी मत दिलं की आमचं वजन आणखी वाढतं. त्यांची तक्रार बिनबुडाची नव्हती.

त्यांचा दुसरा राग पैशांचा. दुकानाचं करपात्र मूल्य ११,००० पौंड. एकच दुकान आणि मूल्य १२,०००च्या आत, म्हणून छोट्या व्यवसायांच्या सवलतीत त्यांचे बिझनेस रेट्स शून्य. बिडला ती सवलत आपोआप लागत नाही. आमच्याकडे दर दीड टक्का, म्हणजे १६५ पौंड. दुकानाच्या जागेपोटी त्यांना येणारं हे एकच सरकारी बिल, आणि त्यावर छाप कौन्सिलची. तुम्ही-आम्हीही चिडलो असतो.

मग त्यांनी पुस्तिकेच्या मागच्या पानाची घडी उघडली. तिथे 'बेसलाइन'चा तक्ता होता. बिडने करायचं ते काम कौन्सिलच्या नेहमीच्या कामावर जादा असावं, कौन्सिलने हात झटकले म्हणून करावं लागलेलं नसावं. त्यासाठी कौन्सिल काय काय करते हे त्यात लिहून द्यायचं असतं. त्यांनी पाच वर्षांपूर्वीचा तक्ताही जपून ठेवला होता. जुन्यात फुटपाथ धुणं 'तीन महिन्यांतून एकदा', नव्यात 'गरजेनुसार'.

"गरज कोण ठरवणार?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खातंच माझं नाही, हे उत्तर काउंटरवर शोभत नाही.

माझं मत विचाराल तर कौन्सिलने 'हो' म्हणावं. बाजार ओस पडला की रेट्सही आटतात. पण ती नऊ मतं द्यायला आम्हाला फारसं काही मोजावं लागत नाही. खरा पाठिंबा त्या तक्त्यात असतो, आणि तो आमच्याच अहवालात शेवटच्या परिशिष्टात होता. २०१० नंतर सरकारी अनुदानाला कात्री लागत गेली तशी कौन्सिलांची पहिली नजर असल्याच ओळींवर जाते.

संध्याकाळी कुणी आकडे विचारले तर सांगायला मी मागे बसले होते. नागरिकांच्या प्रश्नांत त्या दुकानदारांचं नाव पुकारलं गेलं. तीन मिनिटं मिळतात, त्यांनी एकही पुरतं वापरलं नाही. दोन्ही तक्ते वर धरले, दोन्ही ओळी वाचल्या, खाली बसले. संबंधित सभासदांनी 'भागीदारी', 'चैतन्य' वगैरे छापील उत्तर दिलं. पण कौन्सिलच्या लीडर बाईंनी मध्येच सफाईच्या अधिकाऱ्यांना विचारलं, शेवटचं कधी धुतलं होतं? ते कागद चाळत राहिले, बराच वेळ.

ठराव सुधारून मंजूर झाला. पाठिंबा कायम, नऊही मतं 'हो', मात्र बेसलाइनवर सही व्हायच्या आधी प्रत्येक ओळीत कामाची वारंवारता आकड्यात लिहायची. सफाईवाल्यांनी पुढे घासाघीस करून तीनाचे चार महिने करून घेतले, ते वेगळं.

बॅलट पोस्टाने, अठ्ठावीस दिवसांचं. निकाल लागला तसा त्या दुकानदारांचा फोन आला. त्यांनी वजाबाकी करून ठेवली होती. आमची नऊ मतं आणि आमच्या इमारतींचं मूल्य काढलं तरी बिड दोन्ही मोजण्यांत पास होत होतं. स्वतः त्यांनी 'नको'वरच खूण केली होती, हेही सांगितलं.

"हप्त्यांनी भरता येईल?"

आमच्याकडे ही पट्टी एकरकमी असते. तसं सांगितलं.

"मग चेकने देतो," ते म्हणाले, "तेवढंच तुमचं काम वाढेल."