तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यात मी गच्चीवर पाइप घेऊन का उभा राहतो

"डोक्यावर परिणाम झालाय का?" असं तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हणतात, "काय सर, यंदाही पाइप?" दूधवाला विचारतो, समोरच्या वहिनी विचारतात, पुण्याचा जावई हिच्यामार्फत विचारतो. तर दरवर्षी 10 मेच्या आसपास, दुपारी साधारण 12 वाजून 23 मिनिटांनी, सोलापुरात सूर्य नेमका डोक्यावर येतो. उभ्या पाइपची सावली त्याच्याच बुडात शिरते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग फारसं काही दिसू देत नाहीत.

एवढं सांगितलं की माणसं मान हलवून जातात. उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही.

मी अकरा वर्षं मुलांना शिकवलं, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. विषय माझा गणित. भूगोलाचे तास गळ्यात पडलेले. चित्रात कक्षा अंड्यासारखी काढलेली, ती बघून कोणालाही तसंच वाटेल. फळ्यावर मीटरभर व्यासाचं वर्तुळ काढलं, तर खऱ्या कक्षेचा चपटेपणा खडूच्या रेघेत बुडून जाईल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गणिताच्या माणसाला ते सांगावं लागतं का, हा प्रश्न वेगळा.

27 डिसेंबर 1999, सोमवार. आठवीचा वर्ग. एक मुलगी उठली. "सर, काल पहाटे मेलबर्नची टेस्ट लागली होती. तिथं लोक टोप्या घालून उन्हात बसलेले, अन् आपण स्वेटरात. पृथ्वी एकच आहे ना? मग अर्धी जवळ अन् अर्धी लांब कशी?"

वर्ग हसला. मी "बस खाली" म्हणालो. ती बसली नाही. तिचे वडील लूमवर होते. दप्तरातून तिनं सुताची कांडी काढली, मुठीत तिरकी धरली आणि टेबलावरच्या डस्टरभोवती फिरवायला लागली. अजून डोळ्यांसमोर आहे: मनगट वळत नव्हतं. टेबलाच्या चारही बाजूंना कांडीचं वरचं टोक खिडकीकडेच. या बाजूला असताना ते टोक डस्टरकडे झुकलेलं, पलीकडे गेल्यावर पाठ फिरवल्यासारखं लांब कललेलं. "अशी तिरकी असली तर, सर?"

"फार शहाणी झालीस. बाहेर उभी राहा."

कांडी टेबलावर ठेवून ती गेली. मधली सुट्टी होईपर्यंत बाहेर उन्हात उभी होती. भर दुपारी तिची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडली होती. डिसेंबरातलं ऊन तिरकं येतं, जास्त जमिनीवर पसरतं, म्हणून विरळ लागतं. दिवसही जेमतेम अकरा तासांचा. उत्तर दारात उभं होतं आणि मी हजेरी भरत होतो.

रात्री पुस्तक काढलं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीत, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैत सुमारे 50 लाखांनी लांब जाते. त्या वर्षी ती सर्वांत जवळ होती 3 जानेवारीला. म्हणजे पुढच्याच सोमवारी. त्या दिवशी वर्गात सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं. पुढचा धडा घेतला. पुढच्या तुकडीला नीट शिकवलं, हे आवर्जून सांगतो, आणि सांगताना लाजही वाटते. नववीला ती आली नाही.

त्या वेळचा मी म्हणतो, घरची ओढाताण होती, तुझ्या एका तासानं काय झालं असतं? असेल. पण त्यानं तिला विचारलंही नव्हतं.

जावई म्हणतो, "मग 21 जूनला सगळ्यात जास्त उकडायला हवं." बरोबर अडवतो. तेव्हा दिवस तेरा तासांवर जातो, सूर्य आपल्याही उत्तरेला सरकलेला असतो. पण तोवर मोसमी ढग आलेले असतात. पृथ्वीच्या नुसत्या कललेल्या आसावर, म्हणजे त्या तिरक्या कांडीवर, सोलापूरचा पावसाळा सुटत नाही. त्यात समुद्र, वारे सगळंच येतं. आता वाटतं, तेव्हा "मला माहीत नाही, बघून सांगतो" एवढं म्हणता आलं असतं.

ती आता चाळिशीच्या आसपास असेल. कांडी माझ्या कपाटात आहे. सूत पिवळं पडलंय. पाइपऐवजी तीच का उभी करत नाही, असं ही विचारते. ते मला नाही जमत.

बघायला यायचं असेल तर सव्वाबारालाच या. गच्चीची फरशी पोळते, चप्पल काढू नका.